काठावरचा चिखल राहू द्या

फजरची नमाज झाली आणि आम्ही वलगावहून निघालो. सोबत भाचा, जुनी दुर्बीण आणि चहाचा थर्मास. केकतपूरच्या तलावावर पोहोचलो तेव्हा पाण्यावरचं धुकं विरत होतं. उथळ काठाला थापट्या आणि तलवार बदकं चरत होती. खोल पाण्यात काळे वारकरी बुड्या मारत होते.

"मामू, ही बदकं बुडी का मारत नाहीत?" भाच्याने विचारलं.

प्रश्न नेमका होता. तलवार बदक डोकं पाण्यात खुपसतं, शेपटी वर करतं आणि मान पोहोचेल तेवढंच खातं. थापट्या रुंद चोचीने वरवरचं पाणी गाळतो. म्हणजे तलाव कितीही मोठा असो, या पाहुण्यांचं ताट काठावरच वाढलेलं असतं. उत्तर आशियातून हजारो किलोमीटर उडून ते त्या ताटासाठी येतात.

आणि आपण नेमकं तेच ताट उचलतो. सुशोभीकरण म्हटलं की काठाला दगड-सिमेंट. गाळ काढायचा म्हटलं की काठ सरळ उभा कापायचा.

तिथे भेटलेल्या एका शेतकऱ्याला हे बोललो, तर तो म्हणाला, "गाळ टाकला त वावर पिकते भाऊ. पाखरं काय खातीन, थे पाहत बसू काय?"

त्याचं खरं आहे. कोरडवाहू जमिनीला गाळ हवाच; त्यासाठी २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनाही आहे. माझं म्हणणं एवढंच, की गाळ मधून काढा आणि एक काठ उतरता सोडा. तिथे भिंत नको, रस्ता नको, सेल्फी पॉइंट नको.

मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून आपण ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतो. भाषणं होतात, फलक लागतात. त्याच आठवड्यात ग्रामसभेने एक काठ राखण्याचा ठराव केला, तर पक्ष्यांना त्याचा खरा उपयोग होईल.

परतताना पेढी नदी लागली. वलगावजवळ याच नदीकाठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांच्या खराट्याने घाण काढली. आपण मात्र काठावरचं प्लास्टिक तसंच ठेवतो आणि जिवंत चिखल तेवढा साफ करतो.