फळी रिकामी व्हायची वाट पाहू नका

वसई, नायगाव, नालासोपारा, विरारमधल्या दुकानदार बंधू-भगिनींनो,

पाऊस तोंडावर आला की आपल्याकडची घरं आगोटीच्या बेगमीला लागतात. सुके बोंबील, सुकट, मसाला, पापड सगळं वेळेत भरून ठेवतात. दुकानांनीही असाच आधी विचार करावा, यासाठी हे आवाहन.

बहुतेक ठिकाणी फळी रिकामी दिसली की होलसेलवाल्याला फोन जातो, नाहीतर सेल्समन दारात आला की त्याच्या स्कीमप्रमाणे ऑर्डर लिहिली जाते. ही सवय मोडा. प्रत्येक चालू मालाची एक खूण ठरवा आणि साठा त्या खुणेवर आला की त्याच दिवशी मागणी द्या.

खूण काढायला वही-पेन पुरे. समजा, तेलाच्या पिशव्या रोज 8 जातात आणि मागणी दिल्यापासून माल यायला 3 दिवस लागतात. म्हणजे 24 पिशव्या वाटेतल्या दिवसांसाठी हव्यात. टेम्पो अडकला किंवा गिऱ्हाईक वाढलं तर म्हणून आणखी 2 दिवसांच्या 16 धरा. फळीवर आणि आत मिळून 40 उरल्या की फोन करा. सेल्समन आठवड्यातून एकदाच येत असेल आणि ऑर्डर त्याच्याकडेच द्यायची असेल, तर तो येईपर्यंतचे दिवसही यात धरा.

पावसाळ्यात ही खूण वर सरकवा. जुलै 2018 आठवा. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढलं, गाड्या थांबल्या, वसईच्या मिठागर वस्तीला पाण्याने वेढलं, वीज गेली. आपला बराचसा माल मुंबई-अहमदाबाद महामार्गाने येतो, आणि त्या रस्त्यावर पाणी किंवा कोंडी झाली की टेम्पो तिथेच खोळंबतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर तांदूळ, तेल, मीठ, मेणबत्त्या, काडेपेट्या, दूध पावडर यांचा साठा 3 दिवसांनी जास्त ठेवा. तेलाची तीच खूण मग 64 होईल. पोती जमिनीवर टेकवू नका, लाकडी फळ्यांवर किंवा विटांवर चढवा. तळमजल्याच्या गाळ्यात आधी जमिनीलगतचा माल भिजतो.

पण पावसाच्या नावाखाली गाळा गच्च भरू नका. रव्याला, पोह्यांना दमट हवेत जाळी धरते. टोस्ट, वेफर्स सादळतात. दहावर एक फुकट मिळालं आणि तीन पाकिटांची तारीख उलटली, तर त्या स्कीममध्ये तोटाच झाला. नवा माल मागे लावा, जुना पुढे घ्या. अडकलेला पैसाही उधारीइतकाच जड असतो.

सणांचा अंदाज मागच्या वर्षीच्या बिलांवरून घ्या. गणपती, दिवाळी सगळ्यांच्या लक्षात राहतात. पण आपल्या वसईत डिसेंबर लागला की मैदा, साखर, नारळ यांना नाताळची मागणी येते आणि ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळात मांसाचा खप उतरतो. हेही वहीत लिहा.

या आठवड्यात सर्वांत जास्त खपणारे फक्त दहा जिन्नस निवडा आणि प्रत्येकाची खूण काढून फळीच्या कडेला चिकटवा. मुसळधार पावसात घराजवळच्या माणसांना दूर जाता येत नाही, ती आपल्याच दुकानात येतात. त्या दिवशी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवू नका.