खेळाडूने सामना सोडला तर?

जुलै 2025 मध्ये मेस्सी अमेरिकी लीगचा ऑल-स्टार सामना खेळला नाही, म्हणून त्याच्यावर एका सामन्याची बंदी आली. नुसत्या प्रदर्शनी सामन्यासाठी! मला हे पटत नाही.

आपल्या श्रेयस अय्यरचे प्रकरण वेगळे. फेब्रुवारी 2024 मध्ये पाठदुखी सांगून त्याने मुंबईचा रणजी उपांत्यपूर्व सामना सोडला. तो स्पर्धेचा सामना, त्यामुळे विचारणा होणारच. पण 2023 मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. स्नायू आखडले की एमआरआयमध्ये बऱ्याचदा नवे काही दिसत नाही, दुखणे मात्र खरे असते. पुढे अंतिम सामन्यात त्याने 95 धावा केल्या आणि पाठ पुन्हा दुखू लागली.

प्रदर्शनी सामन्यात तर खेळाडूचा शब्द पुरेसा मानावा. आमच्या पाचोडच्या मोसंबी बाजारातला हमाल कंबर धरून येतो, तेव्हा सोबतचा माणस आधी विचारतो, “फोटोत काही निघालं का, डॉक्टर?”