लग्न म्हणजे कायमची संमती नव्हे

कॅथलिक धर्मपीठ संततिनियमनाची कृत्रिम साधने निषिद्ध मानते. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी आणि १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी आपल्या धर्मपत्रांतून तसे बजावले. बाबासाहेबांची भूमिका नेमकी उलट होती. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’वरील अश्लीलतेच्या खटल्यात र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. १९३८ साली मुंबई विधिमंडळासाठी संततिनियमनाचा ठराव त्यांनी तयार केला व पी. जे. रोहम यांनी तो मांडला. सभागृहाने तो फेटाळला. या प्रश्नावर आम्ही पोपच्या बाजूचे नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

मात्र १९६८ च्या त्याच पत्रात एक गोष्ट मान्य केली आहे. जोडीदाराची अवस्था आणि इच्छा न पाहता लादलेला शरीरसंबंध हे प्रेम नव्हे, असे ते पत्र सांगते. साधने नाकारणारे धर्मपीठ जे मान्य करते, ते धर्मनिरपेक्ष भारताचा बलात्कारविषयक कायदा मान्य करीत नाही! दंड संहितेच्या कलम ३७५ मधील पतीसाठीचा अपवाद, पत्नीचे वय तेवढे १८ करून, भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये कायम राहिला. २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचेही यावर एकमत झाले नाही.

पण केवळ कायद्याला दोष देऊन आपली सुटका नाही. परभणीत आमच्याकडे आलेली एक भगिनी तीन बाळंतपणांनी खचली होती. नवरा स्वतः नसबंदी करून घेईना, साधन वापरीना आणि तिचा नकारही ऐकेना. हा गृहस्थ दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणतो! तिसरे शील काय फक्त परस्त्रीपुरते आहे? पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, असे सिगालोवाद सुत्तात सांगितले आहे. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना बजावले की, नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा, गुलाम होण्यास नकार द्या.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पतीकडून होणाऱ्या लैंगिक छळाचाही समावेश आहे. पत्नीला संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. हे आपल्या किती उपासिकांना माहीत आहे? येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक दिवस या विषयासाठी ठेवावा. आणि त्या दिवशी पुढच्या रांगेत पुरुषांनी बसावे.