बाळाची पाठही तपासा

मराठी घरात बाळाची पाठ सर्वांत जवळून कोणी पाहत असेल, तर ती त्याला न्हाऊ-माखू घालणारी बाई. पायांवर पालथे घालून तेल चोळताना कमरेच्या जरा वर, अगदी मधोमध, दाट केसांचा झुपका तिला दिसतो. ती घरच्यांना दाखवते. कोणी म्हणते, अंगावरची लव आहे, डाळीच्या पिठाने जाईल. कोणाला त्यात मारुतीची कृपा दिसते. झुपका गेला नाही की तो कापला जातो आणि झबल्याखाली झाकला जातो.

डॉक्टरांपर्यंत ही गोष्ट पोचायला मग काही वर्षे लागतात, आणि तीही भलत्याच तक्रारीच्या रूपाने पोचते. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा लहान राहिलेले असते, त्या पायातली चप्पल सारखी निसटते. शाळेत जाणारे मूल अजून अंथरूण ओले करते. गणवेशाचा एक खांदा खाली आलेला दिसतो. एवढे सगळे झाल्यावर कोणीतरी पाठीचा एमआरआय काढायला सांगते आणि कळते, की मज्जारज्जू आतून दोन भागांत दुभंगलेला आहे.

या जन्मजात दोषाला डॉक्टर ‘स्प्लिट कॉर्ड मालफॉर्मेशन’ म्हणतात. जुने नाव डायस्टेमॅटोमायलिया. ते फ्रेंच वैद्य ऑलिव्हिए यांनी १८३७ मध्ये दिले. १९९२ मध्ये न्यूरोसर्जन डॅचलिंग पँग यांनी या दोषाचे दोन प्रकार स्पष्टपणे मांडले आणि जगभर आज तीच विभागणी वापरली जाते. पहिल्या प्रकारात मज्जारज्जूच्या दोन अर्ध्या भागांना दोन स्वतंत्र आवरणे असतात आणि त्यांच्या मध्ये हाडाचा किंवा कूर्चेचा सुळका उभा असतो. दुसऱ्या प्रकारात आवरण एकच असते आणि मध्ये तंतूंचा पातळ पडदा असतो. मुलांपेक्षा मुलींमध्ये हा दोष अधिक आढळतो.

खरे नुकसान होते ते वाढीच्या वयात. गर्भाच्या पहिल्या काही महिन्यांत मज्जारज्जू कण्याच्या पूर्ण लांबीभर असतो. पुढे कणा झपाट्याने वाढतो, मज्जारज्जू तेवढा वाढत नाही, म्हणून त्याचे खालचे टोक हळूहळू वर सरकते. जन्मानंतर दोनेक महिन्यांत ते सहसा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी येऊन थांबते. मध्येच सुळका असेल तर हा प्रवास अडतो. खुंट्याला आखूड दाव्याने बांधलेल्या वासरासारखी मज्जारज्जूची अवस्था होते. मूल उंच होत जाते, वाकते, पळते, तसा प्रत्येक वेळी ताण बसतो. नाजूक चेतापेशींना रक्त कमी मिळू लागते. पाय आणि मूत्राशय यांच्याकडे जाणारे संदेश क्षीण होतात.

हे सारे इतके सावकाश घडते, की घरच्यांना त्याची सवय होऊन जाते. म्हणूनच उशिरा होणारे निदान महागात पडते. शस्त्रक्रियेने सुळका काढून अडकलेला मज्जारज्जू मोकळा करता येतो. त्यानंतर पाठदुखी बऱ्याचदा थांबते, पायातली ताकद काही मुलांमध्ये सुधारते. पण लघवीवरचा गेलेला ताबा परत मिळवणे फार अवघड असते. ऑपरेशनचा मोठा उपयोग शिल्लक आहे ते वाचवण्यासाठी होतो, आणि किती शिल्लक आहे हे ठरते निदानाच्या वेळेवर.

‘आजार दुर्मीळ आहे’ हे त्याकडे न पाहण्याचे कारण होऊ शकत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये १९९० ते २००६ या काळात स्प्लिट कॉर्डच्या ३०० रुग्णांवर उपचार झाले आणि न्यूरोसर्जन डॉ. अशोक कुमार महापात्र यांनी तो अनुभव प्रसिद्ध केला. एका रुग्णालयातला हा आकडा. ज्या महाराष्ट्रात वर्षाला १५ लाखांहून अधिक बाळे जन्माला येतात, तिथे असे मूल आपल्या तालुक्यात नसेलच, असे कोणी गृहीत धरू नये.

अशा मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या पाठीवर जन्मापासून खूण असते. केसांचा झुपका ही त्यातली सर्वांत ठळक. याशिवाय कमरेवर मऊ चरबीची गाठ, लाल डाग, किंवा बारीक छिद्र असू शकते. सगळ्याच खुणा धोक्याच्या नसतात, हेही आईवडिलांना नीट सांगायला हवे. खांद्यावर आणि पाठभर पसरलेली नवजात बाळाची लव आपोआप गळते. भारतीय बाळांच्या कमरेवरचे निळसर डाग निरुपद्रवी असतात. गुदद्वाराच्या अगदी जवळची, तळ दिसणारी उथळ खळीही सहसा काळजीची नसते. त्याहून वर, मधल्या रेषेवर काही वेगळे दिसले, तर मात्र तपासणी टाळू नये.

ही तपासणी दर वेळी एमआरआयपासूनच सुरू करावी लागते असे नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत मणक्यांचा मागचा भाग पुरता हाडाचा झालेला नसतो, त्यामुळे साध्या सोनोग्राफीतही मज्जारज्जू दिसतो. भूल नको, किरणोत्सर्ग नाही. हे दिवस निघून गेले, की लहान मुलाला बहुधा झोपवून एमआरआय काढावा लागतो आणि पालकांना त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते.

निदान लवकर झाले, की निर्णयालाही वेळ मिळतो. हाडाचा सुळका असेल तर त्रास सुरू होण्याआधीच शस्त्रक्रिया करावी, असा बहुतेक न्यूरोसर्जनचा कल असतो. दुसऱ्या प्रकारात मतभेद आहेत. काही जण लक्ष ठेवून थांबायला सांगतात. मूल नीट चालत असताना पालकांसमोर हे दोन्ही पर्याय मांडता येतात. पाय लुळा पडू लागल्यावर निवड करायला फारसे काही उरत नाही.

निदानानंतर घरात आणखी एक अन्याय घडतो. ग्रहणात भाजी चिरली, गरोदरपणी नको ते खाल्ले, असे म्हणत सगळा दोष आईच्या माथी मारला जातो. मज्जारज्जू दुभंगण्याची सुरुवात गर्भाच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास होते, असे मानले जाते. तेव्हा आपल्याला दिवस गेले आहेत हेही अनेकींना माहीत नसते. फॉलिक अ‍ॅसिडचा मुद्दाही नीट समजून घ्यायला हवा. सात देशांतल्या ३३ केंद्रांत झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत असे दिसले, की आधीचे बाळ न्यूरल ट्यूबच्या, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू घडवणाऱ्या गर्भातल्या नळीच्या, दोषाचे असलेल्या महिलांनी गर्भधारणेपूर्वीपासून या गोळ्या घेतल्यास तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. या गोळ्या प्रत्येक इच्छुक मातेला मिळायलाच हव्यात. मात्र हा पुरावा प्रामुख्याने उघड्या, म्हणजे त्वचेने न झाकलेल्या, दोषांचा आहे. दुभंगलेल्या मज्जारज्जूच्या बाळाच्या आईला ‘गोळ्या घेतल्या नाहीस ना’ असे ऐकवण्याचा आधार त्यातून मिळत नाही.

लवकर तपासणीसाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये झाला. त्याच्या यादीत न्यूरल ट्यूबचे दोष आहेत. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जातात. उघडी गाठ कोणालाही दिसते. त्वचेखाली झाकलेला दोष मात्र बाळाला पालथे करून, कपडे काढून पाहिल्याशिवाय हाती लागत नाही.

आरोग्य विभागाने त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. प्रसूतिगृहातून घरी पाठवताना बाळाची पाठ तपासल्याची नोंद कार्डावर सक्तीची करावी. आशाताईंना आणि न्हाऊ घालणाऱ्या महिलांना या खुणांची छायाचित्रे दाखवावीत आणि खूण दिसलेल्या बाळाची सोनोग्राफी तिसरा महिना संपण्याआधी जिल्हा रुग्णालयात विनामूल्य करावी. शाळा तपासणीत पाऊल वाकडे असलेल्या, कण्याला बाक असलेल्या किंवा लघवीवर ताबा नसलेल्या प्रत्येक मुलाची पाठ पाहावी. कण्याचा बाक सरळ करण्याचे ऑपरेशन ठरले असेल, तर आत सुळका नाही याची खात्री एमआरआयने आधी करून घ्यावी, कारण तो तसाच ठेवून कणा ताणला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. या तिन्ही कामांसाठी माणसे आजही नेमलेली आहेत; त्यांना लेखी सूचना, एक दिवसाचे प्रशिक्षण आणि पुढे कोणत्या रुग्णालयात पाठवायचे याचा पत्ता द्यावा लागेल.