कालिंदीला स्मृती कशाला?



गेल्या डिसेंबरात पुण्याहून निघताना बॅगेत मसाले आणि पुस्तकं यांची नेहमीची मारामारी झाली. तेवीस किलोंच्या हिशेबात मेतकूट मागे राहिलं आणि श्री. व्यं. केतकरांची 'ब्राह्मणकन्या' सनीव्हेलला आली. १९३० सालची कादंबरी. कॉलेजात नुसतं नाव ऐकलं होतं. जेट लॅगच्या तीन रात्रींत संपवली आणि चक्क चिडले.

सुरुवात जबरदस्त आहे म्हणून तर राग. कालिंदी डग्गेचे वडील ब्राह्मण, पण आई एका ठेवलेल्या बाईची मुलगी. मुलगी शिकलेली, हुशार, पण ब्राह्मणांत आपल्याला धड स्थळ मिळायचं नाही हे तिला कळून चुकलेलं. मग ती शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर लग्नाशिवाय राहायला जाते. १९३० च्या कादंबरीत! आमच्या पॉटलकमध्ये कुणाची मुलगी अशी राहते म्हटलं की अजूनही आवाज खाली येतात.

पुढे मला हवं होतं ते त्या दोघांचं घर. ती त्याच्यात काय बघते? भांडण झालं की आधी कोण बोलतं? घराबाहेर पडून आलेल्या बाईला रात्री झोप लागते का? केतकर तिथे थांबतच नाहीत. तो संबंध तुटतो, आणि नंतर पात्रं जातींवर, मिश्रविवाहांवर, मजुरांच्या चळवळीवर बोलत राहतात. केतकर कॉर्नेलला शिकलेले, भारतातल्या जातिसंस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली याच देशात छापला गेला, पुढे ज्ञानकोश. "ज्ञानकोशकारांच्या हाती प्रेम लागलं की त्याची नोंद होणारच," असं नवरा म्हणाला.

चर्चा वाईट नाहीत. त्याच सुमारास ना. सी. फडके सफाईदार प्रेमकथा लिहीत होते, पण कालिंदीचा प्रश्न विचारायची छाती केतकरांचीच. म्हणूनच शेवट जास्त लागला. कालिंदीचं रामराव या मजूर पुढाऱ्याशी लग्न होतं आणि वैजनाथशास्त्री नवी स्मृती रचतात. जी बाई कुणाला न विचारता बाहेर पडली, तिच्या गोष्टीच्या शेवटी पुन्हा शास्त्री? नवी असली तरी स्मृतीच ना!

इतकी का चिडले, ते दोन दिवसांनी भांडी लावताना लक्षात आलं. १९९६ साली माझं लग्न झालं. मी कोकणस्थ, नवरा माळी. आईने सहा महिने बोलणं टाकलं. बाबा रोज तिच्याशी वाद घालायचे, मी इथून फोनवर रडायचे, आणि मिनिटाला लागणाऱ्या पैशांची धास्ती वेगळीच. शेवटी ओळखीच्या एका गुरुजींनी "शास्त्रात याला आधार आहे" असं सांगितलं, आणि आई दुसऱ्या दिवसापासून मुहूर्त बघायला लागली. सगळ्यांनी गुरुजींचं कौतुक केलं. मीही केलं. बाबांचं नाव कुणी घेतलं नाही. आज बाबा नाहीत.

म्हणजे केतकरांनी खोटं लिहिलं नाही. आपल्याकडे प्रेमाला असाच दाखला लागतो. त्यांनाही लागला. त्यांनी १९२० साली एडिथ कोन या जर्मन ज्यू बाईंशी लग्न केलं, त्याआधी व्रात्यस्तोम करून त्यांना हिंदू करून घेतलं. त्या शीलवती केतकर झाल्या. विंटरनिट्झच्या भारतीय साहित्याच्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर त्यांचं. खरी प्रेमकथा लेखकाच्या घरात होती, आणि कादंबरीत तिचा सल्ला घेतलेला दिसत नाही. विधीला उभं राहताना एडिथबाईंना काय वाटलं असेल, हे मला वैजनाथस्मृतीपेक्षा वाचायला आवडलं असतं.

मुलीला गोष्ट सांगितली. ती इथेच जन्मलेली. २०२३ साली जातीय भेदभावाविरुद्धच्या एसबी ४०३ विधेयकावर राज्यपाल न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला, तेव्हा आमच्या ओळखीतले कितीतरी जण "इथे कुठे आहे जात?" म्हणत होते, ते तिने ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आई, तू आजीला कधी विचारलंस का, की गुरुजी नाही म्हणाले असते तर?"

नाही विचारलं. आई आता ८१ वर्षांची आहे, रविवारी फोन करते.

'ब्राह्मणकन्या' कुणाला हवी असेल तर माझ्याकडे आहे, समासात पेन्सिलीच्या शिव्या आहेत त्या खोडू नयेत. शीलवतीबाईंच्या आठवणींचं 'मीच हे सांगितलं पाहिजे' कुणाकडे असेल तर मात्र मला पाहिजे. महिन्याभरात परत करीन.