पोन्ते वेक्क्यो हिटलरने ‘वाचवला’? एका पुलाचे कौतुक आणि पाच पुलांचे विस्मरण

१/८ फ्लॉरेन्सच्या पोन्ते वेक्क्यो या पुलाचे छायाचित्र कुणी टाकले की त्याखाली एक वाक्य हमखास येते: ‘हिटलरला हा पूल आवडला होता, म्हणून त्याने तो वाचवला.’ मित्रहो, या वाक्याचा प्रतिवाद आवश्यक आहे. त्यात एक पूल दिसतो आणि पाच पूल दिसेनासे होतात.

२/८ १९४४ च्या उन्हाळ्यात दोस्त राष्ट्रांच्या फौजा दक्षिणेकडून आर्नो नदीकडे सरकत होत्या. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याला त्यांना नदीवरच रोखायचे होते. जुलैअखेर नदीकाठच्या हजारो रहिवाशांना घरे सोडण्याचा हुकूम झाला. ३ ऑगस्टच्या रात्री सुरुंग उडू लागले.

३/८ ४ ऑगस्टला उजाडले तेव्हा सान निक्कोलो, अल्ले ग्रात्सिए, सांता त्रिनिता, अल्ला कार्राया आणि देल्ला वित्तोरिया हे पाचही पूल उद्ध्वस्त झाले होते. त्यांपैकी सांता त्रिनिता हा बार्तोलोमेओ अम्मानातीने १६ व्या शतकात उभारलेला, डौलदार कमानींसाठी विख्यात असलेला पूल.

४/८ आणि ‘वाचलेला’ पूल? १३४५ च्या पोन्ते वेक्क्योची दोन्ही टोके पाहा. पोर सांता मारिया, ग्विच्चार्दीनी आणि बोर्गो सान याकोपो या रस्त्यांवरील मध्ययुगीन घरे व मनोरे सुरुंगांनी पाडले गेले. ढिगाऱ्यांनी पुलाच्या वाटा बुजल्या. पूल राहिला, तरी शत्रूची वाट अडवण्याचा हेतू साधलाच.

५/८ पूल वगळण्याचा निर्णय हिटलरच्या मर्जीने झाला, असे क्षणभर मानू. तरी उरलेले पूल आणि ही वस्ती त्याच्याच सैन्याने उडवली. एक घर सोडून सारा गाव जाळणाऱ्याला आपण त्या घराचा तारणहार म्हणत नाही. श्रेयच द्यायचे तर शहरासाठी खटपट करणारे जर्मन वाणिज्यदूत गेरहार्ड वोल्फ आहेत. फ्लॉरेन्सने पुढे त्यांना मानद नागरिकत्व दिले.

६/८ आणखी एक श्रेय आपल्या घराजवळचे आहे. उफ्फीत्सी संग्रहालयातील अनेक चित्रे तेव्हा शहराबाहेर मोंतेगुफोनीच्या गढीत हलवलेली होती. बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमावेरा’ त्यांतलेच. लढाई तिथवर पोहोचली तेव्हा आठव्या भारतीय डिव्हिजनमधील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांनी या ठेव्यावर पहारा दिला. हिटलरच्या ‘कलाप्रेमा’वर शेकडो पोस्ट लिहिणाऱ्या आपल्याला हे जवान का आठवत नाहीत?

७/८ सांता त्रिनिता पुन्हा उभा केला तो फ्लॉरेन्सवासीयांनी. नदीतून जुने दगड काढले, कमी पडले तेव्हा बोबोली उद्यानातील जुनी खाण उघडली. १९५८ मध्ये पूल खुला झाला. त्यावरील वसंतऋतूच्या पुतळ्याचे शिर मात्र १९६१ मध्ये नदीच्या गाळात सापडले.

८/८ तेव्हा ‘अमक्याने वारसा वाचवला’ असे पुढे पाठवण्यापूर्वी एवढेच विचारा: त्याच्या शेजारी काय उभे होते, ते कुणी पाडले आणि पुन्हा कुणी बांधले? उरलेल्या वास्तूवरून विध्वंसकाचे औदार्य मोजणे हा इतिहास नव्हे. ती त्याची फुकटची वकिली आहे.