पीचचं रोप मस्कतच्या अंगणात नको

मंडळी, थंडीची चाहूल लागली की आपल्यातले काही हौशी लोक मस्कतच्या अंगणात पीचचं रोप लावतात. पानं हिरवीगार येतात, फळ येत नाही, आणि दोष खताला दिला जातो. खताचा दोष नाही. पीचच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात आणि ७ अंशांखालच्या थंडीचे ठरावीक तास भरल्याशिवाय नीट जाग्या होत नाहीत. जुन्या जातींना असे कित्येक शे तास लागतात. मस्कतचा पारा सहसा तिथवर उतरतच नाही.

ती थंडी ओमानात जबल अखदरवर आहे, सुमारे २००० मीटर उंचीच्या सैक पठारावर. हिवाळ्यात तिथे पारा कधी शून्याखालीही जातो. अल ऐन, शुरैजा या गावांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत फलजच्या पाण्यावर गुलाब, डाळिंब, जर्दाळू, पीच वाढतात. पाणी घटलं की शेतकरी आधी लसूण-धान्याचे वाफे पडीक ठेवतो आणि झाडं जगवतो.

पण तिथलीही थंडी ओसरते आहे. या डोंगरातल्या बागांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधीच्या २५ वर्षांत थंडीचे तास घटत गेल्याचं दिसलं. मग कमी थंडीवर फळणारी जात का लावू नये? पंजाबच्या मैदानात ‘शान-ए-पंजाब’ पिकतोच. प्रश्न रास्त आहे, पण अशी जात लवकर फुलते, आणि मागाहून एका रात्री दव गोठलं की मोहर जळतो. शेतकरी दोन्हीकडून अडकला. (इंग्लंडात तऱ्हा निराळी: थंडी मुबलक, पण पावसात भिजलेल्या कळ्यांना पानं मुरडणारी बुरशी लागते, म्हणून लोक झाड भिंतीशी लावून वर आडोसा करतात.)

आपण बिरकत अल मौझवरून फोर बाय फोरने वर जातो, फोटो काढतो, आणि फळाचा भाव ऐकून ‘खाली सुपरमार्केटात स्वस्त मिळतो’ म्हणत हात आखडतो. हे मला खटकतं. खालचा पीच परदेशातल्या मोठ्या बागांतून येतो, वरचा अरुंद बांधावर हातांनी जोपासलेला असतो. त्यात घासाघीस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि इथेच वाढलेल्या मुलांनो, गुलाबपाणी पाहायला तुम्ही एप्रिलात जाताच. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जा, फळं विकत घ्या, आणि शेतकऱ्याला विचारा, यंदा मोहर एकदम आला की फांदीफांदीने? तुमचं अरबी आमच्यापेक्षा बरं आहे. पीचला तिथे ‘खोख’ म्हणतात.